"वय झालं" म्हणायच्या आधी एकदा लघवी तपासा

पोस्ट मोठी आहे. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा. चहा थंड झाला तर होऊ द्या.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना आईचा एक जुना रिपोर्ट सापडला. तीन वर्षांपूर्वीचा. क्रिएटिनिन १.३. शेजारच्या रकान्यात छापलेलं, ०.६ ते १.४. म्हणजे आकडा हद्दीच्या आत. ठळक अक्षर नाही, बाजूला बाण नाही. तो रिपोर्ट लॅबमधून मीच आणला होता. वाचलाही मीच. आणि घरात येऊन जाहीर केलं होतं, "सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका."

त्या दिवशी आईची किडनी निम्म्याच्या आसपास उरली होती. हे मला कळायला पुढं तीन वर्षं लागली.

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. डायलिसिसच्या मशीनचं उद्घाटन, जागतिक किडनी दिनाची रॅली, असल्या बातम्या मी किती लिहिल्या असतील, मोजल्या नाहीत. पण घरातली बातमी माझ्याकडून सुटली. म्हणून आज हे लिहितोय. कुणाला दोष देण्यासाठी नाही. द्यायचाच झाला तर पहिला मला.

आई विडी कामगार. चाळीस वर्षं मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन विड्या वळल्या. गुडघे त्यातच गेले. सत्तरीत आली तशी हळूहळू मंदावली. दुपारी जेवण झालं की आडवी व्हायची, ती संध्याकाळीच उठायची. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. रात्री चार-चारदा उठायची. अंगाला खाज सुटायची, तर आम्ही म्हणायचो, म्हातारपणी कातडी कोरडी पडते, खोबरेल लावा. सकाळी डोळ्याखाली सूज दिसायची, तर म्हणायचो, झोप झाली नाही.

"पाय सुजायलेत रे," ती म्हणायची.

"किती वेळ बसतीस एका जागी! आणि वय झालंय की आता," हे आमचं उत्तर.

गावात कुणाच्याही घरी जा, हेच उत्तर मिळेल. "वय झालं." या दोन शब्दांना पैसे पडत नाहीत, गाडी काढावी लागत नाही, रजा टाकावी लागत नाही. आणि गंमत म्हणजे ऐकणारं माणूसही ते मान्य करून टाकतं. आईनंच कितीदा म्हटलंय, "कशाला दवाखाना, वय झालं माझं."

मग एक दिवस ती न्हाणीघरातून बाहेर येताना धाप लागून उंबऱ्यावर बसली. सोलापूरला नेलं. क्रिएटिनिन २.९. हिमोग्लोबिन ८ च्या खाली. डॉक्टरांनी जुने कागद मागितले, मी १.३ वाला रिपोर्ट दिला आणि म्हटलं, "साहेब, तेव्हा तर नॉर्मल होतं." त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग आईकडं. विचारलं, "आज्जीचं वजन किती?"

"बेचाळीस किलो."

"मग हे नॉर्मल नव्हतं."

ते जे त्यांनी समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो, कारण ते मला आधी माहीत असायला हवं होतं.

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की रक्तात तो साठतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण ज्याच्या अंगात स्नायूच कमी, त्याच्यात कचराही कमीच तयार होतो. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याची किडनी मिनिटाला साधारण ८३ मिलिलिटर रक्त गाळतेय असा हिशोब निघतो. तेच १.२ जर ७५ वर्षांच्या बाईचं असेल तर हिशोब येतो ४७. कागदावर आकडा एकच, पण एकाची किडनी ठणठणीत आणि दुसरीची निम्म्यावर. ह्या हिशोबाला ईजीएफआर म्हणतात. वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन, एवढ्या तीन गोष्टींवरून तो निघतो. मोबाईलवर फुकट निघतो. आईचा तेव्हाचा काढला तर ४५ आला. आत्ताचा १७.

आता कुणी म्हणेल, वयामुळं किडनी कमी होतेच की. होते. अगदी बरोबर. जन्माला येताना प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या नव्या तयार होत नाहीत. चाळिशीनंतर गाळण्याची ताकद वर्षाला साधारण एका अंकानं उतरत जाते. म्हणजे ऐंशीच्या म्हाताऱ्याची किडनी विशीतल्या पोरासारखी चालणार नाही, आणि चालायची गरजही नसते. केस पिकतात, चाळिशीचा चष्मा लागतो, तसंच हे. रात्री एकदा-दोनदा उठावं लागणं हेही वयाचं असू शकतं. पुरुषांत प्रोस्टेटचं असू शकतं, कुणाच्यात शुगरचं असू शकतं.

मग फरक कसा ओळखायचा? खरा प्रश्न हा आहे. आणि लोक दोन्ही बाजूंनी चुकतात, हे मी गावातच पाहिलंय.

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत. वय ८२. काठी घेऊन रोज पारावर येतात, पेपर वाचतात, राजकारणावर भांडतात. मागच्या वर्षी त्यांच्या नातवानं पॅकेज काढून सगळ्या तपासण्या केल्या. क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ५५. ६० च्या खाली म्हणून रिपोर्टवर लाल अक्षरं आली. घरात रडारड. कुणीतरी 'किडनी साफ करणारी' पुडी आणून दिली, आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं. तात्यांनी डाळ सोडली, दूध सोडलं, पारावर यायचं सोडलं. महिनाभरात माणूस निम्मा झाला. शेवटी किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लघवी तपासली, ती साफ. बीपी ठीक. चार वर्षांपूर्वीच्या एका ऑपरेशनच्या वेळचे कागद काढले, त्यात आकडा जवळपास हाच. डॉक्टर म्हणाले, "तात्या, हे तुमच्या वयाचं आहे. पुडी फेका, जेवा, आणि वर्षातून एकदा तपासून घ्या." तात्या परत पारावर आलेत आणि परत भांडतात.

म्हणजे माझ्या आईचा आकडा १.३, तात्यांचाही १.३. तिला आजार होता आणि आम्ही वय म्हटलं. तात्यांचं वय होतं आणि घरच्यांनी आजार म्हटलं. चेहऱ्याकडं बघून हे कळत नाही. एका रिपोर्टवरूनही कळत नाही. कळतं ते तीन गोष्टींवरून, आणि त्या तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, लघवी. निव्वळ वय झालेल्या किडनीतून प्रथिनं सहसा गळत नाहीत. आजारी किडनीतून पुष्कळदा गळतात, तीही क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकतोय का, हे घरी दिसतं. पण सुरुवातीची गळती डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी 'एसीआर' नावाची तपासणी असते. सकाळची पहिली लघवी द्यायची. आकडा ३० च्या आत असेल तर ठीक. ३० च्या वर गेला तर परत तपासायचा, कारण ताप, लघवीचं इन्फेक्शन, फार दमणूक यानंही तो तात्पुरता वाढतो. पण वाढलेलाच राहिला, तर त्याला वय म्हणायचं नाही. तरुण असो की म्हातारा.

दुसरी, ईजीएफआर. नुसतं क्रिएटिनिन बघून 'नॉर्मल' म्हणायचं नाही, विशेषतः बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायकांचं. हिशोब काढायचा. तोही अंदाजच असतो, अगदी काटकुळ्या माणसात चुकूही शकतो, पण नुसत्या क्रिएटिनिनपेक्षा शंभर पटीनं बरा.

तिसरी, वेळ. किडनीचा जुनाट आजार म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात पाणी कमी पडलं, तर क्रिएटिनिन चढून परत उतरू शकतं. आणि वर्षावर्षाचे आकडे शेजारी ठेवले की चाल दिसते. वर्षाला एखादा अंक उतरतोय, लघवी साफ आहे, तर वय. वर्षाला पाच-पाच अंक किंवा त्याहून जास्त कोसळतायत, तर आजार पळतोय. आईचा तीन वर्षांत ४५ वरून १७ झाला. मध्ये एकदा जरी तपासलं असतं तरी दिसलं असतं.

आणि लक्षणांचं काय? थकवा, भूक मंदावणं, खाज, पायावर सूज, धाप, तोंडाची चव जाणं, पायात गोळे येणं, सगळी किडनीची लक्षणं आहेत आणि सगळी म्हातारपणाचीही वाटतात. किडनी दुखत नाही, हीच तिची अडचण. ती रक्त तयार करायला लावणारं संप्रेरकही बनवते, ते कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं, आणि आपण म्हणतो अंगात ताकद राहिली नाही. एकेक लक्षण सुटं बघितलं तर प्रत्येकाला 'वय' हे उत्तर चालून जातं. दोन-तीन एकत्र दिसली आणि घरात बीपी किंवा शुगर असेल, तर ते उत्तर चालवून घेऊ नका. आपल्या देशात किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच दोन आहेत.

आईला बीपी होतं. गोळी होती, पण "बरं वाटतंय" म्हटलं की बंद व्हायची. आणि गुडघ्यासाठी दुसरी गोळी होती, ती मात्र कधी बंद झाली नाही.

त्या गोळीबद्दल बोलायलाच हवं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. नाव माहीत नसतं, रंग माहीत असतो. पोराच्या हातात दहा रुपये देऊन मेडिकलमधून 'गुडघ्याची गोळी' आणायची. ह्या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा आवळतात. धडधाकट माणूस चार दिवस घेऊन निभावतो. पण म्हातारं माणूस, त्यात बीपी, त्यात लघवी होण्याची गोळी चालू, त्यात सोलापूरचं ऊन आणि पाणी कमी, अशावेळी रोज एक गोळी म्हणजे थकलेल्या बैलाला रोज चाबूक. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे. कायदा कुठं आहे आणि गोळी कुठं मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची, आठवतंय? ती कुठं गेली? जनावरांना दुखण्यावर हेच डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. २००४ मध्ये शास्त्रज्ञांना कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसाचं शरीर ते औषध बरंच पचवतं. पण ज्या औषधानं आकाश रिकामं केलं, ते आपण आपल्या आयांना सहा-सहा वर्षं विचार न करता देतोय, एवढं तरी डोक्यात ठेवा.

आता जरा विदर्भाकडं बघा. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. तिथल्या गावांमधल्या किडनीच्या रुग्णांच्या बातम्या कित्येक वर्षं येतायत, विधानसभेपर्यंत विषय गेलाय. आंध्रात उद्दानम भागात तसंच. तिथं बोंब का झाली? कारण तिथं कर्ती, तरुण माणसं पडली. तरुण माणसाला "वय झालं" म्हणता येत नाही, म्हणून लोकांनी विचारलं, हे का होतंय? आमच्याकडं सत्तरीची बाई पडते आणि कुणी विचारतच नाही. आजार तोच, पण वयाची चादर पांघरलेली. मयताच्या दाखल्यावरही 'वृद्धापकाळ' लिहून आपण मोकळे होतो. अशी किती माणसं गेली, कुणी मोजलीच नाहीत.

आणि ही चादर सगळ्यात आधी बाईच्या अंगावर पडते. माझ्या वडिलांना छातीत जळजळलं तेव्हा आम्ही रात्री दोनला गाडी केली होती. आईचे पाय वर्षभर सुजत होते.

काहीजण म्हणतील, म्हातारपणी कळून तरी काय उपयोग? त्यांना जयप्रकाश नारायणांची आठवण करून देतो. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची तब्येत ढासळली, नोव्हेंबर १९७५ मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं तेव्हा दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निघालं. वय ७३. त्यानंतर आठवड्यातून अनेकदा डायलिसिस घेत ते १९७९ पर्यंत, जवळपास चार वर्षं जगले. त्याच काळात १९७७ ची निवडणूक झाली आणि त्यांच्या शब्दावर विरोधी पक्ष एकत्र आले. ७३ व्या वर्षी "आता काय उपयोग" असं कुणी म्हटलं असतं तर?

शिवाय लवकर कळलं तर डायलिसिस लांबवता येतं, कधीकधी टाळताही येतं. बीपी ताब्यात ठेवणं, शुगर ताब्यात ठेवणं, दुखण्याच्या गोळ्या बंद, प्रथिनांची गळती कमी करणारी बीपीची औषधं, आणि गेल्या काही वर्षांत डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आलीत, त्यांच्या जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्यात. डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची, माझी पोस्ट वाचून नाही.

उशिरा कळलं तर काय, तेही सांगतो. आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. मशीनचे पैसे लागत नाहीत, मान्य. पण वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या. वळसंगहून सोलापूर, जाऊन येऊन, दरवेळी सोबत एक माणूस, त्याचा बुडालेला रोज. हा खर्च कुठल्या योजनेत बसतो?

म्हणून माझ्या काही साध्या मागण्या आहेत. यातली एकही कोटींची नाही.

१. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी, शुगर आणि तीन कॅन्सरची तपासणी असा सरकारी कार्यक्रम चालू आहे. आशाताई घरोघरी येतात. २०२३ पासून त्या कार्यक्रमाच्या कागदात किडनीचा आजारही आलाय. तो कागदातून गावात येऊ द्या. ज्यांना बीपी-शुगर निघते, त्यांची वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन आपल्या आरोग्य केंद्रातच व्हावं.

२. लॅबवाल्यांनो, क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापा. वय तुमच्याकडं लिहिलेलं असतंच. एक ओळ वाढेल. ती ओळ त्या दिवशी माझ्या हातात असती तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

३. मेडिकलवाल्या मित्रांनो, तुम्ही आपलेच आहात. साठीच्या माणसासाठी रोज गुडघ्याची गोळी न्यायला कुणी आलं तर एवढंच विचारा, "बीपी आहे का? डॉक्टरांनी लिहून दिलीय का?"

४. ग्रामसभेत रस्ता-गटार होऊन जातंच. येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. या आणि माझ्या बाजूनं हात वर करा. विरोध असेल तर तोही तिथं बोला.

आईचं विचाराल तर अजून डायलिसिस लागलेलं नाही. गुडघ्याची गोळी बंद आहे, गुडघे दुखतात, शेक देतो. बीपीची गोळी मी स्वतः समोर उभा राहून देतो. हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन चालू आहे, त्यानं ती परत दारात येऊन बसायला लागलीय. किडनी परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पुढं काय होईल ते दर तीन महिन्यांच्या रिपोर्टवर.

परवा तिला विचारलं, "तेव्हा जोर करून का सांगितलं नाहीस?" तर म्हणाली, "सांगितलं की रे. तूच म्हणालास, वय झालंय."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुमच्या घरातल्या कपाटातही असे जुने रिपोर्ट असतील. आज रात्री जेवणं झाली की काढा. क्रिएटिनिन आणि वय, दोन आकडे बघा, मोबाईलवर ईजीएफआर काढा. ६० च्या खाली आला तर घाबरून पुडी आणू नका आणि "वय झालं" म्हणून कागद परत ठेवूही नका. लघवी तपासा, तीन महिन्यांनी परत बघा, डॉक्टरांना दाखवा. हिशोब जमत नसेल तर कमेंटमध्ये रिपोर्ट टाकू नका, मला मेसेज करा, संध्याकाळी पारावर भेटा. हिशोब काढून देतो. औषध मात्र डॉक्टरच सांगतील.

पटलं तर पुढं पाठवा. विशेषतः पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांना, ज्यांची आई फोनवर म्हणते, "मला काही होत नाही रे, वयच झालंय."